पोर्ट सापडत नाही

साडेचारलाच स्वान्सीत दिवे लागतात.
जेवणाच्या टेबलाचं मेणकापड पुसून
मी पाकीट फोडलं :
निळा बोर्ड, बिस्किटाएवढा,
दोन्ही काठांना पायांच्या रांगा,
उताण्या पडलेल्या गोमेसारख्या.

चौसष्टाव्या वर्षी श्रीगणेशा.
कारण साधं. दिगंबरला दाराची बेल ऐकू येत नाही.
पोर्ट टॅलबटच्या रोलिंग मिलने बत्तीस वर्षं
पगार दिला, मग पेन्शन दिली
आणि कान ठेवून घेतले.
परवा गॅसवाला तीनदा येऊन गेला
आणि हा दारापासून दोन हातांवर
शब्दकोडं सोडवत बसलेला.
बेल वाजली की दिवा लागावा,
मला एवढंच हवंय.

पुस्तक म्हणतं, आधी नुसता दिवा लुकलुकवा.
केबल लावली. बोर्डावर हिरवा ठिपका उजळला.
वाटलं, झालं.
संगणक म्हणाला : पोर्ट सापडत नाही.

माझ्या खिडकीतून अख्खं बंदर दिसतं.
क्रेन दिसते, गंजलेली बोट दिसते,
तिच्यावर भांडणारे सीगल दिसतात
आणि हा म्हणतो, पोर्ट सापडत नाही.

बंद केला, चालू केला.
केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली.
फिरून फिरून भोपळे चौकात.
रात्रीचे अकरा वाजले तरी
घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.
दिगंबर दोनदा डोकावून गेला.
"लागलाय की दिवा!" म्हणाला, ओरडून,
त्याला वाटतं सगळेच बहिरे.

सकाळी शेजारची ग्लेनिस आली,
टेलिफोन एक्सचेंजमध्ये हयात गेलेली.
तिने केबल बोटांत फिरवून पाहिली,
मी गवारीची शेंग पाहते तशी.
"बारीक आहे बघ. ही नुसती पोट भरणारी,
बोलणारी नव्हे. हिच्यात दोनच तारा असणार.
बोलायला चार लागतात."
आणि पर्समधून स्वतःची काढून दिली.

गोम तिथे होती.

मी त्या पांढऱ्या केबलकडे बघत बसले.
आमच्या घरात किती वर्षं हीच लावलेली.
चहा घे. गोळी घेतलीस? ताट वाढलंय.
वीज येत होती.
हिरवा ठिपकाही होता.

मग पोर्ट सापडला. मग अर्धविराम हरवला.
शाळेत दामले बाईंनी ज्याच्यापायी
वहीभर लाल रेघा मारल्या, तोच. ओळ नववी.
तो दिला आणि प्रोग्रॅमने तोंड उघडलं.
त्याचे भाग दोनच :
सेटअप एकदा,
लूप मरेपर्यंत.
(हे मला चौऱ्याऐंशी साली, बोहल्यावर चढण्याआधी
कुणी सांगायला हवं होतं.)

दिवा एक सेकंद लागला, एक सेकंद विझला.
लागला. विझला.
हजार लिहिलं की एक सेकंद;
मी दोनशे केले, पोराला झोप आवरेना तशी
त्याची पापणी फडफडू लागली.
पाच हजार केले, तो विचारात पडला.
बेल राहिली बाजूला.

रात्री खिडकीत मम्बल्सचा दीपस्तंभ.
चारदा उजेड, मग लांबलचक काळोख,
मग परत चारदा.
मनगटावरच्या घड्याळाने मोजलं,
आकडे बदलले, बोर्डात भरले
आणि बोर्ड काचेला टेकवून ठेवला.

दिगंबर शब्दकोडं टाकून आला.
बाहेर बघितलं. आत बघितलं.
एकेक बोट वर झालं : एक, दोन, तीन, चार.
काळोखभर थांबला.
"तुझा जरा मागे पडतोय," म्हणाला,
या वेळी हळू,
"अर्धा सेकंद असेल."

मी आकडा खोडला, त्याच्याकडे खुर्ची सरकवली.
बेलचं बटण अजून पाकिटातच आहे.